चौकोनी डोक्याचा ड्रायव्हर : अपारंपरिक आकाराच्या क्रीडासाधनाच्या मूल्यमापनाचा इतिहास

बीजसंज्ञा : गोल्फ, ड्रायव्हर, जडत्व आघूर्ण, क्रीडानियम, तंत्रज्ञानाचा इतिहास, रायगड जिल्हा

प्रस्तावना :

क्रीडेच्या इतिहासात खेळाडू, स्पर्धा आणि विक्रम यांची नोंद विपुल प्रमाणात आढळते. त्या मानाने खेळाच्या साधनांचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. बॅट, स्टिक, रॅकेट किंवा क्लब यांच्या आकारात झालेले बदल हे केवळ कारागिरीचे बदल नसतात. त्यांच्यामागे पदार्थविज्ञान, कारखानदारी, नियामक संस्था आणि खेळाडूची सवय असे चार घटक कार्यरत असतात. हे घटक परस्परांशी सहमत असतील तर साधन रुळते; त्यांच्यात विसंवाद असेल तर गुणवान साधनही बाजूला पडते.

सन २००७ मध्ये गोल्फच्या बाजारात आलेला चौकोनी डोक्याचा ड्रायव्हर हे अशा विसंवादाचे बोलके उदाहरण होय. चेंडू सर्वांत दूर मारण्यासाठी जो लांब दांड्याचा क्लब वापरला जातो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. त्याचे डोके शतकाहून अधिक काळ गोलसर, नासपतीसारखे होते. ते एकाएकी पेटीसारखे चौकोनी झाले, काही काळ गाजले आणि काही वर्षांतच दिसेनासे झाले. या साधनाची कामगिरी नेमकी कशी होती, ती कोणत्या कसोट्यांवर पारखली गेली आणि त्या कसोट्या पुरेशा होत्या काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ड्रायव्हरच्या आकारातील स्थित्यंतराचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) चौकोनी ड्रायव्हरच्या लाभाचा दावा साध्या गणिताच्या आधारे तपासणे.
३) अपारंपरिक आकाराच्या साधनांबाबत नियामक संस्था व वापरकर्ते यांच्या भूमिकांचा शोध घेणे.
४) पेण व रोहा परिसरातील साधन-स्वीकाराच्या अनुभवाशी या घटनेची तुलना करणे.

महाराष्ट्रातील गोल्फची पार्श्वभूमी :

भारतात गोल्फ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला, तर मुंबईतील क्लब १८४२ मध्ये. प्रारंभी हा खेळ युरोपीय अधिकारी व व्यापारी यांच्यापुरता मर्यादित होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस मुंबईत निघालेल्या विलिंग्डन क्लबने भारतीयांना सदस्यत्व दिले, ही त्या काळात महत्त्वाची घटना ठरली. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा आहे. नाशिकमध्ये तर या खेळाची खूण मैदानाच्या नावात राहिली. तेथील गोल्फ क्लब मैदानास पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले आणि रणजी करंडकाचे क्रिकेट सामने त्यावर खेळले गेले. तरीही लोकांच्या तोंडी जुने नाव टिकून आहे.

रायगड जिल्ह्याची क्रीडापरंपरा कबड्डी, कुस्ती व क्रिकेटची आहे. पेणच्या भोगावती काठी वा रोह्याच्या कुंडलिका काठी गोल्फची परंपरा नाही. जिल्ह्यात गोल्फचे नाव ऐकू येते ते मुख्यतः पनवेल तालुक्यातील खारघर येथे सिडकोने उभारलेल्या मैदानामुळे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उदयन माने या पुण्याच्या खेळाडूने भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून या खेळाविषयी काही प्रमाणात कुतूहल निर्माण झाले. अशा प्रदेशातून या साधनाकडे पाहण्याचा एक लाभ आहे. सवयीचे दडपण नसल्यामुळे साधनाची पारख करणाऱ्या कसोट्यांकडेच अधिक लक्ष देता येते.

लाकडापासून टायटॅनियमपर्यंत :

ड्रायव्हरचे डोके दीर्घकाळ लाकडाचे असे. विसाव्या शतकात पर्सिमन या अमेरिकी वृक्षाचे कठीण लाकूड त्यासाठी सर्वाधिक पसंत केले जाई. हा वृक्ष आपल्याकडील टेंभुर्णीच्या प्रजातीतील आहे. लाकडी डोके भरीव असल्याने त्याचे वजन न वाढवता आकार वाढवणे शक्य नव्हते. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड कंपनीमार्फत पोकळ पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. धातूचे असूनही त्यास ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ असे लाकडाचे टोपणनाव मिळाले, हे लक्षणीय आहे. नवे साधन स्वीकारताना समाज जुने नाव सोडत नाही.

पोकळ डोक्यामुळे आकारवाढीचा मार्ग खुला झाला. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीने १९० घनसेंटिमीटरचा ‘बिग बर्था’ आणला. १९९५ मध्ये त्याच कंपनीचा टायटॅनियमचा, सुमारे २५० घनसेंटिमीटरचा क्लब आला. पोलादाच्या तुलनेत टायटॅनियमची घनता जवळजवळ निम्मी असते. त्यामुळे तेवढ्याच वजनात मोठे डोके व पातळ पत्रा शक्य झाला. पातळ पत्रा आघाताच्या क्षणी किंचित दबतो आणि परत उसळतो. या उसळीमुळे चेंडू अधिक वेगाने सुटू लागला.

येथेच नियामक संस्था सावध झाल्या. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९९८ मध्ये उसळीवर मर्यादा आणली. तिचा गुणांक ०.८३ हून अधिक असता कामा नये असे ठरले. पुढे डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत सीमित करण्यात आले. उसळीची दारे आणि आकारमानाची दारे अशा रीतीने बंद झाली. कारखानदारांसाठी एकच वाट मोकळी राहिली, ती म्हणजे चुकलेल्या फटक्याचे नुकसान कमी करणे. चौकोनी ड्रायव्हरचा जन्म या वाटेवर झाला.

अपारंपरिक आकार आणि नियम : काही पूर्वप्रसंग

आकारावरून वाद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील आर्थर नाइट यांनी तयार केलेल्या पटरचा दांडा डोक्याच्या टाचेऐवजी मध्याजवळ जोडलेला होता. तो वापरून वॉल्टर ट्रॅव्हिस यांनी १९०४ ची ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९१० मध्ये स्कॉटलंडच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने अशा पटरवर बंदी घातली. अमेरिकेने मात्र ती मान्य केली नाही. १९५१ च्या संयुक्त नियमांनंतर हा भेद संपला.

दुसरे उदाहरण त्याच कंपनीत नोकरी केलेल्या अभियंत्याचे आहे. कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये वजन टाच आणि टोक या दोन्ही कडांना विभागलेला पटर बनवला. चेंडूवर आघात होताच त्यातून जो ध्वनी निघे, त्यावरून ‘पिंग’ हे नाव पडले. वजन कडेला नेले की साधन सहज पिळवटत नाही, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणले. चौकोनी ड्रायव्हर हा याच तत्त्वाचा वंशज होय.

क्रिकेटमधील प्रसंग मराठी वाचकास अधिक परिचित आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरले आणि वाद झाला. १९८० च्या नियमावलीने बॅटचे पाते लाकडाचेच असले पाहिजे, असे बंधन घातले. ज्या वर्षी गोल्फमध्ये धातूने लाकडाची जागा घेण्यास प्रारंभ केला, त्याच वर्षी क्रिकेटमध्ये धातूची वाट अडली. पुढे २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडन यांनी आखूड पात्याची व लांब मुठीची ‘मंगूस’ बॅट वापरून ४३ चेंडूंत ९३ धावा केल्या. ही बॅट लाकडी असल्याने नियमात बसली, परंतु ती रुळली नाही. साधन वैध ठरणे, ते परिणामकारक असणे आणि ते स्वीकारले जाणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, असे या प्रसंगांवरून दिसून येते.

चौकोनी ड्रायव्हरचा उदय :

२००७ च्या प्रारंभी कॅलवे कंपनीचा ‘एफटी-आय’ आणि नायकी कंपनीचा ‘सुमो स्क्वेअर’ हे दोन चौकोनी ड्रायव्हर बाजारात आले. दोन्हींमागील विचार एकच होता. डोक्याचे वजन ठरलेले आहे; तेच वजन मध्यापासून शक्य तितके दूर, मागील दोन कोपऱ्यांत नेल्यास डोके सहजासहजी फिरणार नाही. या गुणास जडत्व आघूर्ण, म्हणजेच मोमेंट ऑफ इनर्शिया, असे म्हणतात. दोरीवर चालणारा डोंबारी हाती लांब काठी घेतो, त्यामागे हेच तत्त्व असते. वजनाचा भाग दूर असल्याने काठी व तिच्याबरोबर त्याचे शरीर चटकन कलत नाही.

नायकीच्या ड्रायव्हरचे जडत्व आघूर्ण ५,३०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर असल्याचा दावा होता आणि हा आकडा जाहिरातीत ठळकपणे वापरला गेला. याआधीच, २००६ पासून, नियामकांनी या गुणावरही ५,९०० ची कमाल मर्यादा घातली होती. तसेच डोक्याची रुंदी ५ इंच आणि उंची २.८ इंच यांहून अधिक असू नये व पुढून मागे असलेली लांबी रुंदीहून कमी असावी, हे नियमही लागू होते. चौकोनी आकार या सर्व चौकटींच्या आत बसत होता. किंबहुना दिलेल्या चौकटीचे चारही कोपरे भरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

कामगिरीचे मूल्यमापन :

अ) गणिताची कसोटी

दाव्याची तपासणी एका ढोबळ गणिताने करता येते. डोक्याचे वजन २०० ग्रॅम, चेंडूचे ४६ ग्रॅम, उसळीचा गुणांक ०.८३ आणि डोक्याचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर नेमक्या मध्यावर बसलेल्या फटक्यानंतर चेंडू सेकंदाला सुमारे ५९.५ मीटर वेगाने सुटतो. फटका मध्यापासून बाजूला बसला की डोके फिरते आणि आघाताचा काही भाग त्या फिरण्यात खर्च होतो. जडत्व आघूर्ण जितके अधिक, तितका हा खर्च कमी.

मध्यापासून २.५ सेंटिमीटर दूर बसलेल्या फटक्यासाठी तीन प्रातिनिधिक मूल्ये घेऊन हिशोब केला असता पुढील निष्पत्ती मिळते :

जडत्व आघूर्ण २,५०० असलेले जुने लहान डोके : चेंडूचा वेग ५४.४ मीटर
जडत्व आघूर्ण ४,५०० असलेले मोठे गोल डोके : चेंडूचा वेग ५६.६ मीटर
जडत्व आघूर्ण ५,३०० असलेले चौकोनी डोके : चेंडूचा वेग ५७.० मीटर

वेगातील एक मीटरची वाढ म्हणजे अंतरात साधारण चार मीटरची वाढ, असे धरल्यास जुन्या डोक्याकडून मोठ्या गोल डोक्याकडे येताना आठ-नऊ मीटरचा लाभ होतो. मोठ्या गोल डोक्याकडून चौकोनी डोक्याकडे येताना मात्र हा लाभ दोन मीटरहूनही कमी आहे. फटका १.५ सेंटिमीटरनेच चुकला असेल, तर हा शेवटचा लाभ एक मीटरही भरत नाही. येथे उसळीचा गुणांक सर्वत्र समान धरला आहे. प्रत्यक्षात तो कडेकडे कमी होतो. तथापि तुलनेचा कल त्यामुळे बदलत नाही.

दिशेच्या बाबतीत लाभ अधिक आहे. आघाताच्या वेळी डोक्याचे पिळवटणे ४,५०० च्या तुलनेत ५,३०० ला सुमारे १५ टक्क्यांनी घटते. म्हणजे दावा खोटा नव्हता. तो खरा असूनही लहान होता. जडत्व आघूर्ण वाढत जाते तसतसा प्रत्येक पुढील वाढीचा लाभ घटत जातो, ही गोष्ट जाहिरातीतील मोठ्या आकड्यामुळे झाकली गेली.

ब) नियमाची कसोटी

२००७ मध्येच नायकी कंपनीने आपले काही ड्रायव्हर स्वतःहून परत मागवले, कारण त्यांतील काहींची उसळ मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे आढळले. हा दोष चौकोनी आकाराचा नव्हता; तो पत्र्याच्या जाडीशी व उत्पादनातील सूक्ष्म फरकांशी निगडित होता. मर्यादेच्या अगदी काठावर साधन बनवले की उत्पादनातील अल्पसा फरकही ते नियमबाह्य ठरवतो, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा आहे. जनमानसात मात्र ‘नवा आकार’ आणि ‘परत मागवलेला माल’ या दोन गोष्टी एकत्र जोडल्या गेल्या.

क) मैदानाची कसोटी

दक्षिण कोरियाचे के. जे. चोई यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक मालिकेत चौकोनी ड्रायव्हर वापरून यश मिळवले. उच्च दर्जाच्या स्पर्धेत हे साधन अडसर ठरत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. परंतु बहुसंख्य व्यावसायिक त्याकडे वळले नाहीत. त्यांचे फटके बहुतांशी मध्याजवळ बसतात. त्यामुळे चूक झाकणाऱ्या साधनाचा लाभ त्यांना कमी मिळतो. शिवाय चेंडू हेतुपुरस्सर डावीकडे वा उजवीकडे वळवण्यासाठी त्यांना डोके आपल्या मनाप्रमाणे फिरवावे लागते. जे डोके चुकीने फिरत नाही, ते इच्छेनेही लवकर फिरत नाही, अशी त्यांची भावना होती. ज्यास या साधनाची खरी गरज होती, तो हौशी खेळाडू व्यावसायिकांचे अनुकरण करणारा. त्यामुळे गरज एकाची व निर्णय दुसऱ्याचा, अशी स्थिती उद्भवली.

ड) कान आणि डोळा

चौकोनी ड्रायव्हरविषयी सर्वाधिक तक्रार झाली ती त्याच्या आवाजाची. पोकळ, पातळ व सपाट पृष्ठांच्या डोक्यातून आघाताच्या वेळी पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा मोठा ध्वनी निघे. गोलाकार कवच ताठ असते. सपाट पत्रा अधिक कंप पावतो. सोल्हाइम यांच्या पटरला ध्वनीनेच नाव व ओळख दिली होती. येथे ध्वनीनेच साधनाची अपकीर्ती केली. डोळ्यांचीही अडचण होती. चेंडूमागे क्लब टेकवून दिशा ठरवताना खेळाडूच्या नजरेस गोल डोक्याची सवय झालेली असते.

आवाज व रूप या गोष्टी कामगिरीत मोजल्या जात नाहीत, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु खेळाडूस आघाताची वार्ता बऱ्याच अंशी कानामार्फत मिळते. फटका मध्यावर बसला की बाजूला, हे तो आवाजावरून ओळखतो आणि पुढील फटका सुधारतो. चुकलेला व न चुकलेला असे दोन्ही फटके सारखेच कर्कश वाटू लागले, तर साधनाचा हा शिकवण्याचा गुण क्षीण होतो. यंत्रमानवाने मारलेल्या फटक्यांच्या चाचणीत ही उणीव उघडकीस येत नाही, कारण यंत्रास कान नसतात.

अस्त आणि तत्त्वाची पुनर्स्थापना :

नायकी व कॅलवे यांनी २००९ मध्ये चौकोनी ड्रायव्हरच्या सुधारित आवृत्त्या आणल्या, पण ओघ ओसरला होता. त्यानंतर कारखानदारांचे लक्ष हवेचा रोध कमी करण्याकडे आणि वजन हलवता येणाऱ्या खिळ्यांकडे वळले. पिंग कंपनीने २०१४ मध्ये डोक्याच्या माथ्यावर हवेचा प्रवाह नियंत्रित करणारे उंचवटे दिले. नायकीने तर २०१६ मध्ये गोल्फ साधनांचे उत्पादनच थांबवले.

तथापि मूळ तत्त्वाचा पराभव झाला नाही. २०२४ मध्ये पिंग व टेलरमेड यांनी आणलेल्या ड्रायव्हरांत आडव्या व उभ्या अक्षांवरील जडत्व आघूर्णांची बेरीज १०,००० च्या पुढे गेली. त्यासाठी चौकोनी आकाराची आवश्यकता भासली नाही. कार्बनच्या हलक्या कवचामुळे वाचलेले वजन पाठीमागील टोकास नेता आले आणि बाह्यरूप गोलसर ठेवता आले. २००७ मध्ये जे आकाराने साधायचे होते, ते पुढे पदार्थाने साधले.

पेण व रोहा परिसराच्या संदर्भात :

अपरिचित साधनाची पारख हा प्रश्न रायगडच्या जनजीवनास नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होईल अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि सुमारे दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळाले नाही, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे देशावरील काळ्या जमिनीत हरळीसारख्या तणांचा नाश करण्यासाठी हा नांगर अत्यंत उपयुक्त ठरला. पेण-रोह्याच्या भातखाचरांची गरज मात्र निराळी होती. लहान खाचरे, अरुंद बांध, लहान चणीचे बैल आणि चिखलणीचे काम यांना हलका लाकडी नांगरच सोयीचा पडे. येथील शेतकऱ्याने तो दीर्घकाळ सोडला नाही, यास केवळ रूढिप्रियता म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याची कसोटी त्याच्या जमिनीतून आली होती.

दुसरे उदाहरण पेणच्या गणेशमूर्तींचे. शाडूच्या तुलनेत प्लास्टर ऑफ पॅरिस वजनाने हलके, लवकर सुकणारे आणि वाहतुकीत कमी तुटणारे. उत्पादकाच्या प्रत्येक मोजपट्टीवर ते श्रेष्ठ ठरले आणि अनेक कारखान्यांतून रुळले. मूर्ती पाण्यात विरघळते की नाही, ही कसोटी तेव्हा कोणी लावली नव्हती. ती लागली तेव्हा २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, वाद न्यायालयापर्यंत गेला आणि कारागिरांच्या उपजीविकेवर अनिश्चिततेचे सावट पडले. ड्रायव्हरच्या बाबतीत न मोजलेली गोष्ट साधनाच्या विरुद्ध लगेच उभी राहिली. मूर्तींच्या बाबतीत ती कित्येक वर्षांनी उभी राहिली आणि तिची किंमत निर्णय न घेणाऱ्यांनाही मोजावी लागली.

निष्कर्ष :

१) चौकोनी ड्रायव्हरचा तांत्रिक दावा योग्य होता; मात्र समकालीन मोठ्या गोल डोक्याच्या तुलनेत अंतरातील लाभ अल्प आणि दिशेतील लाभ मध्यम होता.
२) या आकाराचा उगम केवळ संशोधकाच्या कल्पनेत नसून नियमांनी अन्य वाटा बंद केल्यामुळे झाला. नियम साधनास अडवतात, तसेच घडवतातही.
३) यांत्रिक चाचणीत न मोजले जाणारे आवाज, रूप व हाताळणी हे घटक साधनाच्या स्वीकारात निर्णायक ठरले आणि त्यांचा कामगिरीशी प्रत्यक्ष संबंध होता.
४) ज्या वर्गास साधनाचा लाभ अधिक, त्या वर्गाचे मत मूल्यमापनात दुय्यम राहिले.
५) साधनाचा आकार लोप पावला तरी त्यामागील तत्त्व अन्य मार्गाने टिकून राहू शकते. म्हणून बाजारातील अपयशावरून कल्पनेच्या अपयशाचे अनुमान काढणे सदोष ठरते.

समारोप :

साधनाची परीक्षा घेताना आकडा आवश्यक असतो, कारण त्याशिवाय दाव्याचे वजन कळत नाही. परंतु कोणता आकडा घ्यावयाचा, तो कोणाच्या हातातील साधनाचा आणि कोणत्या जमिनीवरचा, हे प्रश्न त्याआधी यावे लागतात. चौकोनी ड्रायव्हरने ५,३०० हा आकडा दिला. त्याच्या खेळाडूने ऐकला तो पत्र्याचा आवाज. क्रीडासाधनांच्या इतिहासलेखनात या दोहोंचीही नोंद होणे गरजेचे आहे.